लाघुलोवाद : मुलास सांगितलेल्या बुद्धवचनाचा एक जुना पुरावा

१

मुलांसाठीं लिहिलेलें वाङ्मय हा संशोधकाचा विषय नव्हे, असा एक समज आपल्यांत रूढ आहे. जुनें दप्तर तपासतांना सनद, महजर, निवाडा किंवा शकावली हातीं लागली म्हणजे ती जपून वेगळी ठेविली जाते. त्याच रुमालांत एखाद्या मुलाचा कित्ता, उजळणी किंवा पाठांतराची वही निघाली, तर ती बहुधा बाजूस पडते. ह्या समजास एका भक्कम पुराव्याच्या आधारें हरकत घ्यावी, हा प्रस्तुत लेखाचा एक हेतु आहे.

दुसरा हेतु टीकेचा आहे. मुलांसाठीं बुद्धचरित्रें व जातककथांचीं पुस्तकें मराठींत आणि अन्य भाषांत वरचेवर निघत असतात. त्यांपैकीं पुष्कळांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी कीं, मुलांस कथा द्यावी, विचार मोठेपणीं द्यावा; बालवयांत चमत्कार, दया व तात्पर्य एवढें पुरे. हीच बौद्धांची जुनी परंपरा होय, असेंहि अधूनमधून सुचविलें जातें. ही पद्धति सोयीची असेल. पण ती जुनी आहे काय, हा प्रश्न पुराव्याचा आहे व तो पुराव्यानेंच सुटला पाहिजे. तोच येथें तपासावयाचा आहे.

२

राजस्थानांतील बैराट येथें १८४० सालीं कॅप्टन बर्ट यांस अशोकाचा एक शिलालेख आढळला. जवळच्या भाब्रू गांवावरून तो भाब्रूचा लेख म्हणून ओळखला जातो. मूळ शिळा पुढें कलकत्त्यास एशियाटिक सोसायटींत नेण्यांत आली. अशोकाच्या बहुतेक लेखांहून हा लेख निराळा आहे. इतरत्र राजा प्रजेशीं किंवा अधिकाऱ्यांशीं बोलतो. येथें तो स्वतःस मगधाचा राजा म्हणवून संघास अभिवादन करतो, बुद्ध, धर्म व संघ यांवरील आपली श्रद्धा सांगतो, आणि सात धर्मपर्यायांचीं नांवें देऊन ते भिक्षु, भिक्षुणी, उपासक व उपासिका यांनीं वारंवार ऐकावे व त्यांचें मनन करावें, अशी इच्छा दर्शवितो.

सात नांवें अशीं : विनयसमुकसे, अलियवसानि, अनागतभयानि, मुनिगाथा, मोनेयसूते, उपतिसपसिने आणि लाघुलोवादे. शेवटच्या नांवास मात्र 'मुसावादं अधिगिच्य', म्हणजे खोटें बोलण्यास अनुलक्षून, अशी पुस्ती जोडली आहे. पहिल्या सहांपैकीं कांहींची ओळख अद्यापि वादग्रस्त आहे. सातव्याविषयीं मात्र अभ्यासकांत बहुतेक एकमत आहे. मज्झिमनिकायांतील ६१ वें सूत्र, अंबलट्ठिक राहुलोवाद, तें हेंच. मागधींत 'र' चा 'ल' होत असल्यामुळें राहुलाचें नांव ह्या रूपांत आलें. 'लघु' शब्दाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

ह्या पुस्तीचें महत्त्व लक्षांत घेतलें पाहिजे. राहुलास केलेले उपदेश पालि वाङ्मयांत एकाहून अधिक आहेत. मज्झिमनिकायांतच ६२ वें महाराहुलोवाद व १४७ वें चूळराहुलोवाद हीं सूत्रें आहेत. संयुत्तनिकायांत राहुलसंयुत्त आहे. सुत्तनिपातांत राहुलसुत्त आहे. कोणता राहुलोवाद तें अशोकास स्पष्ट करावें लागलें, यावरून त्या काळींहि असे उपदेश अनेक असावेत, असें अनुमान निघतें. म्हणजे राजानें जें नांव कोरविलें तें सहज आठवलें म्हणून नव्हे, तर अनेकांतून निवडून. आणि तें त्यानें मुलांपुरतें ठेविलें नाहीं. चारहि परिषदांस तें ऐकावयास सांगितलें.

३

सूत्राचा आशय थोडक्यांत असा. बुद्ध राजगृहाच्या वेळुवनांत असतां राहुल अंबलट्ठिका येथें राहत होता. सायंकाळीं बुद्ध त्याच्याकडे गेले. राहुलानें आसन मांडलें व पाय धुण्यास पाणी ठेविलें. पाय धुऊन झाल्यावर बुद्धांनीं भांड्यांत थोडें पाणी शिल्लक ठेविलें आणि तें दिसतें काय, असें राहुलास विचारलें. जाणूनबुजून खोटें बोलण्याची ज्यास लाज नाहीं, त्याचें श्रामण्य एवढेंसेंच, असें त्यांनीं सांगितलें. मग तें पाणी फेकून दिलें, भांडें पालथें केलें, पुन्हां सुलटें करून रितें दाखविलें. आणि प्रत्येक वेळीं तोच प्रश्न विचारून तोच बोध केला.

नंतर राजाच्या हत्तीचा दृष्टांत आहे. लढाईंत हत्ती पाय, मस्तक, कान, दांत व शेपूट ह्या सर्वांनीं काम करील, पण सोंड राखील, तोंवर महात जाणतो कीं ह्यानें अजून जिवाची आशा सोडलेली नाहीं. सोंडहि तो वापरूं लागला म्हणजे त्यास न करण्याजोगें कांहीं उरलें नाहीं. खोट्याची लाज सुटलेल्या माणसाचें तसेंच. म्हणून थट्टेंतहि खोटें बोलूं नये, अशी शिकवण राहुलास दिली आहे.

मुलांच्या पुस्तकांत हें सूत्र क्वचित् येतें, आणि जेव्हां येतें तेव्हां माझ्या पाहण्यांत तें बहुधा येथेंच संपतें. भांडें व हत्ती राहतात. खालीं 'खोटें बोलूं नये' असें तात्पर्य छापलें जातें. परंतु मूळ सूत्राचा मोठा भाग ह्यापुढें आहे. बुद्ध विचारतात, आरसा कशासाठीं असतो? राहुल म्हणतो, पाहण्यासाठीं. तसेंच शरीरानें, वाणीनें व मनानें जें कर्म करावयाचें तें पाहून पाहून करावें, असें त्यास सांगण्यांत येतें. करण्यापूर्वीं, करीत असतांना आणि केल्यानंतर, अशा तीन वेळीं एकच प्रश्न स्वतःस विचारावयाचा : ह्यानें मला, दुसऱ्यास किंवा उभयतांस पीडा होते काय? पूर्वींच तसें दिसलें तर तें करूं नये. चालू असतां दिसलें तर थांबावें. झाल्यावर दिसलें तर शास्त्यापुढें किंवा जाणत्या सहाध्यायापुढें तें उघड करावें व पुढें जपावें. मनाच्या कर्माविषयीं येथें एक सूक्ष्म भेद केला आहे. मनांत येऊन गेलेल्या वाईट विचाराची कबुली दुसऱ्याजवळ द्यावी, असें सांगितलेलें नाहीं. त्याची आपल्यालाच लाज वाटावी व पुढें सावध राहावें, एवढेंच सांगितलें आहे.

कर्माचीं साधनें तीन व काळ तीन. म्हणजे नऊ ठिकाणीं परीक्षा. ह्या नऊहि ठिकाणीं परीक्षक राहुल स्वतः आहे. विहित व निषिद्ध कर्मांची यादी त्यास दिलेली नाहीं. कसोटी दिली आहे व ती वापरण्याची रीत दिली आहे. खोटें बोलण्याचा निषेध आधीं कां, तेंहि यावरून कळतें. आरशापुढें उभा राहून जो आपल्याशींच खोटें बोलेल, त्यास आरशाचा उपयोग काय? पहिला भाग दुसऱ्याची पूर्वतयारी आहे. दुसरा भाग गाळून पहिलाच ठेवणें म्हणजे दरवाजाची चौकट उभी करून घर न बांधणें होय.

४

येथें साधनांची मर्यादा सांगणें अवश्य आहे. राहुलाचें वय सूत्रांत दिलेलें नाहीं. त्या वेळीं तो सात वर्षांचा होता, हें अट्ठकथेंत सांगितलें आहे. आणि बुद्धघोषाची अट्ठकथा इ. स. पांचव्या शतकांतील आहे. शिलालेख सूत्राच्या प्रसिद्धीची साक्ष देतो, राहुलाच्या वयाची देत नाहीं. तसेंच अशोकापुढें असलेला पाठ आजच्या पालि पाठाशीं शब्दशः जुळत होता, असेंहि एवढ्यावरून म्हणतां येणार नाहीं.

तथापि दोन गोष्टी अनुकूल आहेत. विनयपिटकाच्या महावग्गांत राहुल हा कपिलवस्तूस आईच्या सांगण्यावरून बापाकडे वारसा मागणारा कुमार म्हणून प्रथम दिसतो, व तेथेंच सारिपुत्ताकडून त्याची प्रव्रज्या होते. त्याच्या बाल्याची स्मृति केवळ अट्ठकथेची नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, हें सूत्र चिनी मध्यमागमांतहि आहे. त्याचें भाषांतर गौतम संघदेवानें इ. स. ३९७-३९८ मध्यें केलें. तो पाठ निराळ्या परंपरेंतून आलेला असूनहि त्यांत पाण्याचें भांडें, हत्ती व आरसा हीं तिन्हीं आहेत. दोन परंपरांनीं जें एकत्र जपलें, तें अलीकडच्या पुस्तकांनीं तोडावें, यास जुना आधार नाहीं.

५

राहुलोवाद हा अपवाद नव्हे. खुद्दकपाठ नांवाचा नऊ प्रकरणांचा एक लहानसा ग्रंथ पालींत आहे. नव्या श्रामणेरांची पहिली पोथी, असेंच त्याचें स्वरूप आहे. शरणगमन, दहा शिक्षापदें, शरीराचे बत्तीस भाग, आणि त्यानंतर कुमारपञ्ह, म्हणजे मुलास विचारलेले दहा प्रश्न. सोपाक नांवाच्या सात वर्षांच्या मुलास ते विचारले गेले, अशी अट्ठकथेची परंपरा आहे. प्रश्नांची रचना आपल्या जुन्या शाळांतील उजळणीसारखी आहे : एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, असें दहापर्यंत. एकाचें उत्तर, सर्व प्राणी आहारावर जगतात. दोन म्हणजे नाम व रूप. तीन म्हणजे तीन वेदना. चार म्हणजे आर्यसत्यें. पांच म्हणजे उपादानस्कंध. सहा म्हणजे आंतील आयतनें. सात म्हणजे बोध्यंगें. आठ म्हणजे अष्टांगिक मार्ग. नऊ म्हणजे प्राण्यांचीं वसतिस्थानें. दहा म्हणजे अर्हताचे दहा गुण.

ह्यांतील क्रम पाहण्यासारखा आहे. पहिलें उत्तर भुकेचें आहे, आणि भूक कोणत्याहि मुलास शिकवावी लागत नाहीं. तेथून आरंभ करून मुलगा आर्यसत्यांपर्यंत चौथ्या पायरीस पोंचतो. अर्थ पूर्ण कळण्यापूर्वीं संख्या तोंडपाठ होते व अर्थ पुढें वयाबरोबर भरत जातो. आमच्याकडे परवचा म्हणवून घेणाऱ्या वडील माणसांस ही रीत अनोळखी वाटणार नाहीं. पण येथेंहि तत्त्वविचार मुलापासून लपवून ठेविलेला नाहीं.

ह्या पोथीचा इतिहासहि आपल्या कामाचा आहे. दीघभाणकांनीं खुद्दक ग्रंथांची जी यादी धरली होती तींत खुद्दकपाठ नव्हता, असें बुद्धघोषाच्या लिहिण्यावरून समजतें. मुलांच्या हातांतील पोथी प्रमाणग्रंथांत धरावी कीं न धरावी, हा संशय तेव्हांपासूनचा दिसतो.

६

मुलांविषयीं जुन्या संघाची दृष्टि काय होती, हें विनयावरून आणखी स्पष्ट होतें. राहुलाची प्रव्रज्या झाल्यावर शुद्धोदनानें आपलें दुःख बुद्धांस सांगितलें व आईबापांच्या अनुज्ञेवांचून मुलास प्रव्रज्या देऊं नये, अशी मागणी केली. ती मान्य होऊन तसा नियम झाला. पंधरा वर्षांखालील मुलास घेऊं नये, असाहि नियम आहे. पुढें निराधार मुलांच्या प्रसंगीं त्यांत सूट देऊन कावळे हाकण्याइतका मुलगा चालेल, असें ठरलें.

उपालि व त्याचे सोबती अशा सतरा मुलांची हकीकत तर इतिहासदृष्ट्या फार मोलाची आहे. आपल्यामागें मुलानें सुखानें जगावें म्हणून त्यास काय शिकवावें, ह्याचा आईबाप विचार करितात. लेखन शिकविलें तर बोटें दुखतील, गणना शिकविली तर छाती दुखेल, रूप शिकविलें तर डोळे दुखतील. तेव्हां भिक्षु होणें बरें! मुलें भिक्षु होतात, आणि पहाटेच्या अंधारांत उठून खाण्यासाठीं रडूं लागतात. त्यावरून वीस वर्षांखालील माणसास उपसंपदा देऊं नये, असा नियम झाला. ह्या कथेंतील लेख, गणना व रूप हीं तीन नांवें भुवनेश्वरजवळील उदयगिरीच्या हाथीगुंफा लेखांतहि येतात. पंधरा वर्षें बालक्रीडा केल्यावर खारवेलानें ज्या विद्या संपादिल्या त्यांत तीं आहेत. एक ग्रंथ बौद्ध, एक लेख जैन राजाचा. दोहोंत शिक्षणाचे तेच शब्द. विनयकथा नुसती रचलेली नसून तीमागें खऱ्या शाळेची माहिती आहे, ह्यास हा चांगला आधार होय.

ह्या प्रकरणावरून दिसतें तें असें. मुलास विचार सांगण्यास संघानें वय आड येऊं दिलें नाहीं. मुलास बांधून घेण्यास मात्र वय व आईबापांची अनुज्ञा हीं दोन्हीं आड घातलीं. आजच्या बालपुस्तकांत नेमका उलट व्यवहार होतो. विचार पुढें ढकलला जातो, आणि भक्ति आधीं मागितली जाते.

७

मग कथांचें काय? जातकें मुलांसाठींच रचलीं गेलीं, असा सार्वत्रिक समज आहे. फाउसबोल यांनीं १८७७ पासून छापलेल्या पालि जातकसंग्रहांत ५४७ कथा आहेत. प्रत्येकींत वर्तमान प्रसंग, भूतकाळची कथा, गाथा, गाथांचें विवरण व शेवटीं त्या जन्मींचें पात्र ह्या जन्मीं कोण, याची जोडणी असते. त्यांत गाथा जुन्या, मूळ पिटकांतील, गद्य अट्ठकथेंतील. भारहुतच्या कठड्यावर चित्राखालीं 'मिगजातक', 'बिडाल-जातर कुकुट-जातक' अशीं नांवें कोरलीं आहेत. तेथील दात्यांत भिक्षु, भिक्षुणी व गृहस्थ आहेत. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यांत विश्वंतराची कथा विस्तारानें रंगविली आहे, ती विहारांत राहणाऱ्या भिक्षूंच्या डोळ्यांसमोर. जातक हें सर्वांचें वाङ्मय होतें. तें केवळ मुलांचें ठरविलें तें पुढच्या काळानें.

मुलांचें असें अजिंठ्यास दुसरें एक शिल्प आहे. २ ऱ्या लेण्यांत हारीती व पांचिक यांच्या मूर्तींच्या पायथ्याशीं शाळा कोरली आहे. छडी घेतलेला गुरु, पाट्या धरून बसलेलीं मुलें, आणि मागच्या बाजूस गुरूची नजर चुकवून खेळणारीं मुलें. ज्या कारागिरानें हें कोरलें त्यास मुलें कशीं असतात तें ठाऊक होतें.

जातककथा बालपुस्तकांत येतांना तिचें काय होतें, हें पाहण्यास चेतियजातक (४२२ वें) घ्यावें. कारण विषय तोच, खोटें बोलण्याचा. जगांतलें पहिलें खोटें एका राजानें बोलावयाचें ठरविलें. लोकांस खोटें म्हणजे काय तें माहीत नव्हतें. तें निळें असतें कीं पिवळें, अशी त्यांनीं चौकशी केली. राजा खोटें बोलला आणि जमिनींत उतरूं लागला. एकेका असत्याबरोबर तो अधिकाधिक खोल गेला व शेवटीं भूमीनें त्यास गिळिलें. संक्षेपांत एवढेंच उरतें, आणि कथा शिक्षेची होते. मूळांत मात्र प्रत्येक पायरीवर कपिल पुरोहित राजास थांबवितो : आतां खरें बोलशील तर पूर्ववत् होशील. परत फिरण्याची संधि प्रत्येक वेळीं खुली आहे व राजा ती प्रत्येक वेळीं नाकारतो. म्हणजे राहुलोवादांतील आरसाच येथें कथेच्या रूपानें आहे. कर्म चालू असतां पाहावें व थांबावें, हा बोध त्यांत आहे. संक्षेप करणारानें भूमीचें गिळणें ठेविलें व कपिलाचें बोलणें काढिलें, तर मुलाच्या हातीं भय उरतें, विचार उरत नाहीं.

८

चरित्रांची स्थिति याहून निराळी नाहीं. म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी हीं चार दर्शनें ज्यांत नाहींत असें बालचरित्र विरळा. परंतु दीघनिकायाच्या महापदानसुत्तांत हा प्रसंग विपस्सी नांवाच्या पूर्वबुद्धाविषयीं सांगितला आहे. गौतम स्वतः आपल्या गृहत्यागाची हकीकत मज्झिमनिकायाच्या २६ व्या, अरियपरियेसन सूत्रांत सांगतात. तेथें चार दर्शनें नाहींत, मध्यरात्रीचें पलायनहि नाहीं. आईबाप रडत असतां तरुणपणीं केस उतरवून घर सोडलें, एवढेंच आहे. धर्मानंद कोसंबी यांनीं 'भगवान बुद्ध' ह्या ग्रंथांत (१९४०-४१) ही दंतकथा बाजूस सारली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाच्या आरंभींच, एकोणतीस वर्षांच्या माणसानें तोंवर म्हातारा व प्रेत पाहिलें नसेल काय, असा प्रश्न करून ती त्याज्य ठरविली.

येथें आमच्या विवेचनावर एक खरा आक्षेप येतो, आणि तो ह्याच दोन नांवांमुळें येतो. कोसंबी यांनीं आपल्या 'निवेदन' ह्या आत्मवृत्तांत (१९२४) सांगितलें आहे कीं, बुद्धाविषयींचें त्यांचें कुतूहल जागें झालें तें विनायक कोंडदेव ओक यांच्या 'बालबोध' ह्या मुलांच्या मासिकांतील चरित्रलेखामुळें. गोव्यांतील एका खेड्यांत मुलांच्या मासिकाचा अंक पोंचला, आणि त्यांतून पालि विद्येचा महाराष्ट्रांतील पहिला मोठा पंडित निघाला. १९१२ सालीं 'इंडियन अँटिक्वरी'मध्यें भाब्रूच्या लेखांतील सूत्रांची ओळख पटविण्याचा प्रयत्न करणारा लेख लिहिला तो ह्याच कोसंबी यांनीं.

आंबेडकर यांची हकीकतहि तशीच आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचें 'गौतमबुद्धाचें चरित्र' १८९८ सालीं प्रसिद्ध झालें. विद्यार्थिदशेंतील आंबेडकर यांच्या अभिनंदनाच्या सभेंत केळुसकर यांनीं तें त्यांस भेट दिलें. ही सभा मॅट्रिकची परीक्षा उतरल्यावर, म्हणजे १९०७ च्या सुमारास झाली, असें चरित्रकार धनंजय कीर सांगतात. आंबेडकर यांनीं स्वतः १९५६ सालीं लिहिलेल्या प्रस्तावनेंत मात्र इंग्रजी चौथी उतरल्यावरची ती सभा, असें म्हटलें आहे. हा भेद तपासण्याजोगा आहे. कारण पुस्तक हातीं पडलें तेव्हां वाचणारा किती वर्षांचा होता, हें त्यावर अवलंबून आहे. तें पुस्तक वाचल्यावर त्यांनीं वडिलांस विचारलें कीं, आम्हांस हें वाङ्मय तुम्हीं कां दाखविलें नाहींत, रामायण-महाभारतच कां वाचावयास लावितां?

तेव्हां आक्षेपक म्हणेल कीं, साध्या चरित्रानें व लेखानें जर अशीं माणसें घडलीं, तर सूत्रें व आरसे यांची मुलांस गरज काय? हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. कथेनें दार उघडतें, हें ह्या दोन उदाहरणांवरून मान्य केलेंच पाहिजे. पण दार उघडल्यावर दोघांनीं काय केलें, तेंहि पाहिलें पाहिजे. कोसंबी यांनीं १८९९ च्या अखेरीस घर सोडलें, व पुढें सिंहलद्वीपीं जाऊन मूळ भाषा शिकून ग्रंथ पाहिले. आंबेडकर यांनीं वडिलांस प्रश्न केला, आणि आयुष्याच्या अखेरीस प्रचलित चरित्रासहि तोच प्रश्न केला. दोघांनींहि दंतकथा जशीच्या तशी जपून ठेविली नाहीं. आरशापुढें धरून पाहिली. राहुलास जें भांड्याच्या काठाशीं बसवून शिकविलें गेलें, तें ह्या दोघांस स्वतःच्या बुद्धीनें शोधावें लागलें. सर्वच मुलें कोसंबी किंवा आंबेडकर नसतात. ज्यास आपण होऊन प्रश्न सुचत नाहीं, त्याच्यासाठींच राहुलोवादाचा उत्तरार्ध अधिक अवश्य आहे.

९

निष्कर्ष असे. मुलांस फक्त कथा द्यावी, ही रीत जुन्या साधनांत दिसत नाहीं. जुन्या साधनांत मुलास प्रश्न विचारलेले दिसतात, घरांतल्या वस्तूंनीं विचार समजावलेला दिसतो, आणि निर्णय मुलाकडे सोपविलेला दिसतो. हा निष्कर्ष राहुलाच्या वयावर सर्वस्वीं अवलंबून नाहीं. अट्ठकथेचीं सात वर्षें न मानलीं तरी कुमारपञ्हाचें नांव व महावग्गाचे नियम उरतातच.

मुलांसाठीं लिहिणारांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. कथा घेतांना तींतील परत फिरण्याची जागा गाळूं नये. राहुलोवाद घेतला तर आरशासह घ्यावा. आणि चार दर्शनें सांगावयाचीं तर खुशाल सांगावीं, पण ती जुन्या ग्रंथांत दुसऱ्या बुद्धाची गोष्ट आहे, हें एका वाक्यानें मुलास कळवावें. मुलास तें कळतें. आणि ज्या धर्माचा मुलास दिलेला पहिला उपदेश खोटें बोलूं नये हा आहे, त्याच्या बालपुस्तकानें तरी एवढें खरेपण राखावें.

संग्राहकांस विनंति निराळी आहे. 'बालबोधा'चे सुटे अंक, शाळेंत बक्षीस म्हणून दिलेलीं चरित्रें, पहिल्या पानावर मुलाचें नांव व तारीख असलेल्या प्रती, कित्ते व उजळण्या यांस रद्दी समजूं नये. केळुसकरांच्या पुस्तकाची जी एक प्रत त्या सभेंत हातांतून हातांत गेली, तिच्यापासून पुढें काय घडलें, हें १९५६ च्या ऑक्टोबरांत नागपुरानें पाहिलें. अशा प्रतींवरील नांव, तारीख व देणाऱ्याची सही यांची नोंद ठेवावी. असा कोणताहि कागद कोणाच्या संग्रहीं असेल, तर त्यानें तो प्रसिद्ध करावा. येथें केलेल्या अनुमानांस त्यानें बाध आला, तरी तें इष्टच होईल.